गुलाबावरचे लाल कोळी: आणखी कडक औषध नको, आधी पानांची खालची बाजू धुवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कांदिवली पूर्वेला अकराव्या मजल्यावर घर, पश्चिमेकडे उघडणारी गॅलरी, ग्रीलमध्ये गुलाबाच्या चार कुंड्या, शेजारी जास्वंद, मोगरा, तुळस आणि दोन मिरच्या. समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. मार्च लागल्यापासून गुलाबाची पानं बारीक फिकट ठिपक्यांनी भरली, मग राखाडी-पिवळी होऊन गळायला लागली, आता शेंड्यांवर जाळं दिसतंय. कडुनिंबाचं तेल दोनदा फवारलं, फरक पडला नाही. मग नर्सरीवाल्याने दिलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं, तर जाळं जास्वंदीवरही पोचलं. आता याहून कडक औषध आणू का, की गुलाब फेकून देऊ, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हीची गरज नाही, निदान आत्ता तरी नाही. लक्षणं लाल कोळ्यांची, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या अगदी बारीक कोळ्यांची (माइट्स) आहेत. या किडीच्या बाबतीत बाटलीत काय आहे याला फारसं महत्त्व नसतं. पाणी किंवा फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचतोय का आणि दोन वेळांमध्ये किती दिवस जातात, यावर सगळं ठरतं. मी मुंबईत लोकांच्या गॅलऱ्या आणि सोसायट्यांच्या गच्चीवरच्या बागा सांभाळते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत माझ्याकडे सर्वात जास्त तक्रारी याच किडीच्या येतात आणि बहुतेक घरांत तुमच्यासारखंच घडलेलं असतं. औषधं बदलत जातात, पानांची खालची बाजू मात्र कोरडी ती कोरडीच राहते.

तरीही आधी खात्री करून घ्या. एक पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर बोटाने चार-पाच टिचक्या मारा. कागदावर धूळ पडेल. अर्धा मिनिट थांबा. त्यातले काही कण हळूहळू सरकायला लागले तर ते कोळी. बोटाने कागदावर पुसले की लालसर किंवा हिरवट रेघ उमटते. कोळ्याची मादी साधारण अर्धा मिलिमीटरची असते, म्हणून नुसत्या डोळ्यांना ती ठिपक्याएवढीच दिसते. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर पानाच्या मागे, मधल्या शिरेच्या कडेला बघा. हिरवट-पिवळ्या अंगावर दोन काळे डाग असलेले किंवा विटकरी लाल रंगाचे कोळी दिसतील, आणि त्यांच्या आसपास काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी. कागदावर एखादा कण सरकण्याऐवजी सैरावैरा पळत असेल तर तो बहुधा कोळ्यांना खाणारा दुसरा कोळी असतो. असे पळणारे दिसले तर तुमच्या गॅलरीत अजून मदतनीस शिल्लक आहेत आणि त्यांना जपायला हवं.

ही चाचणी प्रत्येक कुंडीची वेगळी करा, कारण गॅलरीत एकाच वेळी दोन-तीन किडी असणं नेहमीचं आहे. तुळशीची पानं फिकट पडून मागे काळे बारीक ठिपके दिसत असतील तर ते कोळी नसून जाळीदार पंखांचा एक छोटा ढेकूण असू शकतो, तो डोळ्यांना दिसतो. मोगऱ्याच्या पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर पांढरी मखमलीसारखी लव आली असेल तर तीही कोळ्यांचीच करामत, पण ते वेगळ्या जातीचे कोळी. ते जाळं करत नाहीत आणि नुसत्या पाण्याने जात नाहीत. त्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाकायच्या. जास्वंदीवर कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. त्याचा उपाय निराळा, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आता इमिडाक्लोप्रिडने प्रकरण का बिघडलं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो विंचू-गोचीड यांच्या कुळातला. मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या कीटकांसाठी बनवलेलं औषध त्याला मारत नाही. ते मारतं त्याला खाणाऱ्यांना. बारीक काळे ढालकिडे, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या कीटकाच्या अळ्या, भक्षक कोळी ही मंडळी तुमच्या ग्रीलमध्येही थोडीफार येत असतात, न दिसता काम करत असतात. फवारणीने ती गेली आणि कोळ्यांना मोकळं रान मिळालं. शिवाय काही झाडांवर इमिडाक्लोप्रिडनंतर कोळी जास्त अंडी घालतात, असं संशोधनातही दिसलेलं आहे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारख्या औषधांनंतरही कोळी असेच उसळतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत औषध कमी पडलं नव्हतं, ते चुकीच्या जिवावर चाललं होतं. ती बाटली आता बाजूला ठेवा. तुळशीवर आणि मिरचीवरही ते मारलं असेल तर सध्याची पानं आणि मिरच्या खाऊ नका. हे औषध झाडाच्या आत जातं, धुऊन निघत नाही. तुळशीच्या आत्ताच्या मंजिऱ्या खुडून टाका, म्हणजे मधमाश्या त्यावर येणार नाहीत.

कडुनिंबाचं तेल मात्र चुकीचं नव्हतं. ते दोनदाच मारलं आणि मधे, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, पंधरा दिवस गेले, इथे बाजी हातची गेली. मुंबईतल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात, म्हणजे तीस अंशांच्या आसपास, कोळ्याचं अंडं साधारण तीन दिवसांत फुटतं आणि आठवडा ते दहा दिवसांत त्यातून निघालेलं पिल्लू स्वतः अंडी घालायला लागतं. एक मादी तिच्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. नर भेटला नाही तरी ती अंडी घालते, त्यातून फक्त नर निघतात. म्हणजे चुकून वाचलेली एक मादीसुद्धा पुन्हा वसाहत उभी करू शकते. पातळ कडुनिंबाच्या फवाऱ्यातून बरीच अंडी वाचतात. पहिल्या फवारणीने मोठे कोळी मेले असतील, पण पंधरा दिवसांत अंड्यातून निघालेले मोठे होऊन त्यांनी पुढची अंडीही घातली. तुमची दुसरी फवारणी पडली ती आधीपेक्षा मोठ्या संख्येवर. उन्हाळ्यात अंतर चार ते पाच दिवसांचं हवं आणि अशा किमान चार फेऱ्या सलग व्हायला हव्यात. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याचं अंतर चालतं. आत्ता चालणार नाही.

तुमच्याच गॅलरीत हे का झालं, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. लोक म्हणतात, मुंबईत एवढी दमट हवा, मग कोरड्या हवेची कीड इथे कशी? शहराची हवा दमट असते, तुमच्या ग्रीलमधली नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी जमिनीवरून पूर्वेचा कोरडा वारा येतो आणि समुद्राकडचा वारा सुरू व्हायला दुपार होते. मार्चमध्ये पारा अचानक चढतो तो याच दिवसांत. त्यात पश्चिमेची गॅलरी, दुपारनंतर तापलेली भिंत आणि लाद्या, वरच्या मजल्यावरचा वारा. ग्रीलवर पत्रा किंवा वरच्या घराचा स्लॅब असेल तर पानांवर पाऊस वर्षानुवर्षं पडतच नाही. एसीचं बाहेरचं यंत्र कुंड्यांच्या जवळ असेल तर त्याची गरम झोत थेट पानांवर येते. आणि समोरच्या बांधकामाची सिमेंटची धूळ! कोळ्यांच्या बाबतीत धुळीला फार मोठी जागा आहे. धुळीत त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना आणि भक्षक कोळ्यांना नीट फिरता येत नाही, कोळी मात्र त्याच धुळीखाली जाळं विणून सुरक्षित बसतात. गेल्या काही वर्षांत जिथे जिथे जुन्या इमारती पाडून टॉवर उठतायत, त्या रस्त्यांवरच्या गॅलऱ्यांत कोळ्यांचा त्रास वाढलेला मी पाहते आहे.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. हे काम साधं आहे म्हणून लोक ते मनापासून करत नाहीत आणि औषधाच्या बाटलीवर विश्वास ठेवतात. माझा अनुभव उलटा आहे. नीट धुतलेल्या झाडाला अर्ध्याहून जास्त वेळा औषध लागतच नाही. पाण्याच्या जोराने कोळी, जाळं, बरीच अंडी आणि धूळ हे सगळं एकदम निघतं, आणि खाली पडलेले बहुतेक कोळी परत चढू शकत नाहीत.

अकराव्या मजल्यावर हे करायचं कसं ते नीट सांगते. ग्रीलमध्येच पाईप लावलात तर पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाणार आणि भांडण होणार. कुंड्या बाथरूममध्ये न्या. उचलता येणार नाही इतकी मोठी कुंडी असेल तर तिच्याखाली घमेलं ठेवा आणि दाबाचा हातपंप वापरा. कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, नाहीतर माती धुपून जाते आणि मुळं कुजायला निमित्त मिळतं. मग कुंडी आडवी कलती करा, म्हणजे पानांची मागची बाजू तुमच्याकडे येईल. हेल्थ फॉसेट, म्हणजे टॉयलेटजवळचा छोटा जेट, यासाठी फार उत्तम. त्याचा दाब पुरेसा आहे आणि हवा तसा वळवता येतो. एक हात पानामागे आधाराला ठेवा, खालून वर अशी धार मारत जा, कुंडी फिरवत चारही बाजूंनी. कोवळ्या शेंड्यांवर दाब कमी करा. जाळं असेल तिथे आधी बोटांनी ते मोडून घ्या, कारण जाळ्यावरून पाणी घसरून जातं. एका गुलाबाला नीट धुवायला पाच-सात मिनिटं लागतात.

हे सकाळी करा. गुलाबाची पानं रात्रभर ओली राहिली तर काळ्या ठिपक्यांची बुरशी येते, आणि मुंबईच्या रात्री पानं वाळत नाहीत. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा. पाणीकपात चालू असेल तर बादलीतलं पाणी हातपंपात भरून मारा, एका झाडाला एक-दीड लिटर पुरतं. भाज्या धुतलेलं पाणीही चालतं, फक्त गाळून घ्या, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. पानांवर नुसता पाण्याचा धुरळा उडवून आर्द्रता वाढवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. मोकळ्या, वाऱ्याच्या गॅलरीत ती आर्द्रता काही मिनिटंच टिकते, त्यात वेळ घालवू नका.

धुण्याआधी छाटणी. जी पानं पूर्ण राखाडी झाली आहेत, जे शेंडे जाळ्याने गुंडाळले आहेत, ते काढून लगेच पिशवीत टाका आणि तोंड बांधा. ग्रीलमध्ये किंवा दुसऱ्या कुंडीच्या मातीवर आच्छादन म्हणून टाकू नका. झाडाचा एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग एकदम काढू नका. उन्हाळ्यात गुलाबाची कडक छाटणी त्याला सोसत नाही. कात्री मोगऱ्याला लावण्याआधी साबणाने धुवा, आणि स्वतःचे हात-बाह्यासुद्धा. कोळी वाऱ्याबरोबर धाग्याला लटकून जातात तसेच आपल्या कपड्यांवरूनही एका कुंडीतून दुसरीत जातात. कुंड्यांची पानं एकमेकांना लागणार नाहीत इतकं अंतर ठेवा. ग्रीलमध्ये जागा नसेल तर चारातले दोन गुलाब सध्या घरात खिडकीशी ठेवलेत तरी हरकत नाही.

पाण्याने आठवड्याभरात संख्या खाली येईल. मग कडुनिंब किंवा साबण, दोन्हींपैकी एक. कडुनिंबासाठी प्रमाण असं: एक लिटर पाण्याला ५ मिली शुद्ध कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिली सौम्य साबण. आधी साबण कोमट पाण्यात मिसळा, त्यात तेल घालून खूप ढवळा, दूधट झालं की उरलेलं पाणी घाला. वर तेलाचे डोळे तरंगताना दिसले तर ते मिश्रण फवारू नका, पानं भाजतात. तयार केलेलं त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर राहत नाही. फवारणी सूर्य मावळल्यावर, पानांच्या मागून, थेंब ओघळेपर्यंत. झाडाच्या मातीला आधी पाणी दिलेलं असू द्या. तहानलेल्या झाडावर तेल मारलं की करपतं. आणि सगळ्या झाडांवर मारण्याआधी प्रत्येक झाडाच्या दोन पानांवर मारून दोन दिवस बघा. गुलाबाच्या कोवळ्या तांबूस पालवीवर मी तेल टाळते.

नुसता साबण वापरायचा असेल तर बागेसाठी मिळणारा पोटॅशियम साबण घ्या, प्रमाण त्याच्या लेबलप्रमाणे. भांड्यांचे आणि कपड्यांचे साबण पानांवरचा मेणाचा थर काढतात, ते मी सुचवत नाही. साबण ओला असेपर्यंतच मारतो, वाळला की त्याचा उपयोग संपला. म्हणून तो कोळ्याच्या अंगावर पडायलाच हवा. पाण्याचाही फरक पडतो. महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येतं, त्यात साबण चांगला उतरतो. तुमच्या सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं खारट पाणी झाडांना वापरत असतील तर साबणाची साय होते आणि फवारणी वाया जाते. त्या दिवशी पिण्याच्या नळाचं एक लिटर पाणी घ्या. तुळशीला मी तेल कधीच लावत नाही. पाणी, आणि फारच झालं तर एकदा साबण, दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुऊन. तुळस कापली की पंधरा-वीस दिवसांत नवी फूट येते, तोच तिचा उत्तम उपाय.

हळद-पाणी, लसूण-मिरचीचा अर्क, ताक, गोमूत्र यांबद्दल तुम्हाला लोक सांगतील. मी ते वापरत नाही. त्याने कधी फरक पडलाच तर तो बहुतेक फवारणीच्या पाण्याचा असतो. मिरचीचा अर्क ग्रीलमध्ये फवारला तर वाऱ्याने घरात आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांत जातो, हे मात्र नक्की.

गंधकाबद्दल. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक कोळ्यांवर खरंच चालतं आणि जुनं, विश्वासाचं औषध आहे. पण पारा ३२ अंशांच्या वर असताना ते पानं जाळतं, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत मारलं तरी जाळतं. म्हणजे मुंबईत मार्च ते मे त्याचा विचारही करू नका. मोगऱ्यावर ती मखमली लव असेल तर थंडीतल्या छाटणीनंतर, लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळी मारा, तिथे त्याचा चांगला उपयोग होतो.

आणि तुमचा मूळ प्रश्न, जास्त कडक औषध. कोळ्यांसाठीच बनवलेली औषधं आहेत: अबामेक्टिन, स्पायरोमेसिफेन, प्रोपरगाईट, फेनाझाक्विन, हेक्झिथायाझॉक्स. पूर्वी सर्रास विकलं जाणारं डायकोफॉल आता आपल्याकडे बंद आहे, कुणी जुनी बाटली देऊ केली तर घेऊ नका. ही औषधं गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये, मास्क-हातमोजे घालून, दर वेळी वेगळ्या रासायनिक गटातलं औषध घेत वापरायची असतात. तुमच्या ग्रीलच्या मागे झोपण्याच्या खोलीची खिडकी आहे, शेजारी तुळस आहे, खाली दुसऱ्याची गॅलरी आहे. चार गुलाबांसाठी ते घरात आणू नये असं माझं ठाम मत आहे. दुसरं कारण असं की कोळी फार लवकर औषधांना सरावतात. जगात सर्वाधिक औषधांना दाद न देणाऱ्या किडींमध्ये त्यांचं नाव आहे. आपल्या नर्सऱ्यांमध्ये येणारे बरेचसे गुलाब पुणे, नाशिक, बंगळुरूकडच्या मोठ्या उत्पादकांकडून येतात. त्यांच्यावरचे कोळी तिथेच अनेक फवारण्या पचवून आलेले असू शकतात. मोकळ्या गच्चीवर शंभर गुलाब असतील, माणूस शिकलेला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग बघून घ्यायचं: लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. रोज सकाळी वीस मिनिटं देता येत असतील तर चारही गुलाब वाचतील. देता येत नसतील तर चारांऐवजी दोनच ठेवा, जे जास्त बाधित आहेत ते काढा. पुरेशी देखभाल न मिळालेल्या चार कुंड्या एकमेकांना पुन्हा पुन्हा लागण देत राहतात, त्यापेक्षा दोन निरोगी बऱ्या. ज्या गुलाबाच्या फांद्या हिरव्या आहेत आणि डोळे फुगलेले दिसतात, तो पानं गेली तरी उठतो. फांद्या तपकिरी होऊन सुरकुतल्या असतील तर तो सोडून द्या. एसीचं यंत्र किती जवळ आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते हातभर अंतरावर असेल तर तिथली कुंडी हलवल्याशिवाय कोणताच उपाय टिकणार नाही.

पहिल्या तीन आठवड्यांचा क्रम असा ठेवा. आज छाटणी आणि धुणं. पुढचा आठवडा एक दिवसाआड धुणं, बाकी काही नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी कडुनिंब किंवा साबण, मग दर चार-पाच दिवसांनी, एकूण चार वेळा. मधल्या दिवसांत सकाळी धुणं चालू, पण फवारणीच्या दुसऱ्या दिवशी धुऊ नका. कागदावरची टिचक्यांची चाचणी दर रविवारी करा. जुन्या पानांवरचे फिकट ठिपके कधीच भरून येत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. नवी पालवी स्वच्छ येतेय का तेवढंच बघा. सलग दोन रविवार कागदावर काही सरकलं नाही, तर फवारणी बंद करून आठवड्याला एक धुणं ठेवा.

झाडाचं खाणंपिणंही सुधारा. या काळात युरिया, डीएपी किंवा जोरदार नत्राचं कुठलंही खत देऊ नका. कोवळा, रसरशीत पाला कोळ्यांना फार मानवतो. मूठभर गांडूळखत पुरे. माती कधी कोरडी ठणठणीत, कधी चिखल असं होऊ देऊ नका. पाण्याचा ताण बसलेल्या झाडावर कोळी झपाट्याने वाढतात. मातीवर सुक्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घाला, पश्चिमेच्या उन्हासाठी दुपारपुरती हिरवी शेडनेट लावा. गुलाबाला चार-पाच तासांचं ऊन मिळालं तरी पुरतं. नर्सरीतून किंवा राणीच्या बागेतल्या प्रदर्शनानंतर आणलेलं कुठलंही नवं झाड दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि ग्रीलमध्ये मांडण्याआधी एकदा धुवा. झेंडू आणि शेवंती ही कोळ्यांची आवडती ठिकाणं, फुलं संपली की ती कुंडी लगेच रिकामी करा.

मे महिन्यात गावी जाणार असाल तर हे विशेष लक्षात घ्या. ठिबकने माती ओली राहते, पानं नाही. रिकाम्या घरात बंद ग्रीलमध्ये कोळ्यांना पंधरा दिवस मिळाले तर झाडं जाळ्याने भरून जातात. शेजाऱ्यांना किंवा वॉचमनला पाणी घालायला सांगता तेव्हा पानांवरही हातपंप मारायला सांगा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी स्वतः धुऊन जा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की कुंड्या ग्रीलच्या अशा कडेला ठेवा जिथे सरी थेट पानांवर येतील. पावसात न भिजणाऱ्या आतल्या कुंड्यांचं धुणं पावसाळ्यातही चालू ठेवावं लागेल, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्यांचंच.

राहिल्या मिरच्या. त्यांच्याबद्दल तुम्ही फक्त "पानं आकसलीत" एवढंच लिहिलंय. मिरचीचं पान कडांनी खाली वळून होडी उलटी केल्यासारखं दिसत असेल, देठ लांबलेला असेल आणि शेंड्याची पानं जाड-खडबडीत झाली असतील, तर ते पिवळे कोळी. ते गुलाबावरच्या कोळ्यांहून लहान, भिंगाशिवाय दिसत नाहीत, जाळं करत नाहीत आणि फक्त कोवळ्या शेंड्यांत राहतात. तिथे शेंडे खुडून टाकणं आणि कडुनिंबाच्या फेऱ्या हाच मार्ग. पान वर वळून द्रोणासारखं झालं असेल तर ते फुलकिडे, त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे लावायचे. शेतकरी दोन्हीला चुरडा-मुरडाच म्हणतात, त्यामुळे दुकानात तेवढंच सांगितलंत तर हमखास भलतं औषध हातात येईल. आणि पानं लहान, पिवळी, झुपक्यात येऊन झाड खुंटलं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो, तेव्हा ते झाड उपटून टाकावं लागेल. उजेडात एका शेंड्याचा वरून आणि एक बाजूने असे दोन फोटो काढून पाठवा, मग मिरच्यांचं नक्की काय करायचं ते सांगते.